सगळ्या कोऱ्या

कुंभार्ली घाटाच्या सातव्या की आठव्या वळणावर नानांची गाडी वळलीच नाही.

मी त्यांच्या मागे वीसेक हातांवर होतो. चिपळूणहून कराडकडे परत येत होतो. चढ, दुसरा गिअर, मे महिन्याचं ऊन. पुढचे चौघे वळण घेऊन दिसेनासे झाले होते. नाना वळणापाशी आले आणि सरळ निघाले. ब्रेकचा लाल दिवा लागला नाही, मान हलली नाही. रस्त्याची उजवी बाजू ओलांडून गाडी सावकाश दरीकडच्या दगडी कठड्याकडे चालली. मी हॉर्नवर अंगठा दाबून धरला. पुढचं चाक कठड्याला टेकलं, गाडीने आचका दिला, इंजिन बंद पडलं आणि हँडल कठड्यावर रेलून गाडी तशीच उभी राहिली.

माझी गाडी कशीबशी कडेला टाकून मी धावलो. नाना सीटवर ताठ बसले होते. दोन्ही हात हँडलवर. मी त्यांच्या हेल्मेटची काच वर केली. डोळे उघडे, समोर दरीत. ओठ हलत होते, तोंडात पान असल्यासारखे.

"नाना! ओ नाना!"

खांदा धरून हलवलं तेव्हा कुठे पापणी लवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण ओळख पटायला वेळ लागला.

"कुठवर आलो रं?"

"घाटात आहोत. काय झालं?"

"काय न्हाय. डोळ्यात किडा गेला."

काच मीच उघडली होती. ती बंद होती हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही कळलं. आम्ही दोघांनी मिळून गाडी डाव्या कडेला ओढली. पाठोपाठ वरून एक दुधाचा टँकर उतरला आणि आम्ही नुकते होतो तिथूनच गेला.

नानांनी हातरुमालाने मान पुसली. "डागदर, वर पोरांना काय सांगू नगंस."

"पण नाना..."

"सांगू नगंस म्हटलं नव्हं?"

मी सांगितलं नाही. माझ्या गप्प बसण्याची सुरुवात तिथून आहे. तिला आता पंधरा वर्षं झाली.

मी डॉक्टर नाही. कराडात माझं मेडिकलचं दुकान आहे, म्हणून नाना चेष्टेने मला डागदर म्हणायचे. माझं नाव प्रल्हाद शेवाळे. तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांचा होतो. सकाळी नऊ ते रात्री नऊ काउंटरच्या मागे उभं राहायचं, लोकांच्या चिठ्ठ्या वाचायच्या, गोळ्या कापून द्यायच्या, असं आयुष्य. चौतिसाव्या वर्षापर्यंत मी स्कूटरवरून कोल्हापूरच्या पुढे गेलो नव्हतो. मोठी गाडी चालवायला मला नानांनी शिकवली. गाडी कशी चालवायची हे कुणीही शिकवतं. नानांनी मला घरातून बाहेर कसं पडायचं ते शिकवलं. त्यांच्याशिवाय मी काय होतो हे मला चांगलं ठाऊक होतं, आणि या गोष्टीत ते महत्त्वाचं आहे.

मुरलीधर पिसाळ, म्हणजे नाना, आयटीआयमध्ये फिटरचे निदेशक होते. गावातले निम्मे मेकॅनिक त्यांच्या हाताखालून गेलेले. वय सत्तावन्न. नऊ वर्षं ते लेहला जायचं म्हणत होते आणि नऊ वर्षं काही ना काही आडवं येत होतं. त्या वर्षी सगळं जुळलं. आम्ही सहा जण होतो. नाना, मी, वेल्डिंग आणि गॅरेजवाला बशीर मुल्ला, प्लायवुडचा व्यापारी उदय साळुंखे आणि शिंगटे बंधू. शिंगटे बंधू नेहमी एकत्र बोलत, म्हणून त्यांची वेगळी नावं सांगत नाही. नाना सगळ्यांत पुढे असायचे आणि मी शेवटी. औषधांची पेटी माझ्याकडे, म्हणून मी शेवटचा गडी. कुणी पडलं तर मागून पोचणारा. सरावाच्या दिवशी तेवढं परतताना नाना माझ्या पुढे राहत, पोरं कशी चालवतात ते बघायला. म्हणून घाटातलं मला एकट्याला दिसलं.

वर कोयनानगरला चहाला थांबलो तर उदयची बडबड चालू होती. त्याने नवी कोरी महागडी गाडी घेतली होती, हँडलवर रस्ता दाखवणारं यंत्र बसवलं होतं.

"नाना, उशीर केला की! आता लेहला लीड माझ्याकडं द्या. तुमी मागं निवांत बसून बघा."

"देतो की," नाना म्हणाले. "आदी त्या डब्याला इचार, ह्यो समोरचा चहा कुठल्या तालुक्यात मिळतोय."

सगळे हसले. नानांच्या हातातला कप हलत नव्हता. मी कपाकडेच बघत होतो. मला वाटलं, असेल बुवा, उन्हाने भोवळ आली असेल. आपल्याला हवं ते पटवून घ्यायला माणसाला फार वेळ लागत नाही.

मंगळवारी दुपारी दुकानात वहिनी आल्या. इंदूवहिनी, नानांच्या पत्नी. त्यांची रक्तदाबाची गोळी माझ्याकडूनच जायची. गोळी घेतली तरी त्या हलेनात. दोन गिऱ्हाइकं गेली, तशा त्या काउंटरला टेकल्या.

"भावजी, रविवारी घाटात काही झालं का?"

"कुठं काय?"

"खरं सांगा."

मी ड्रॉवर उघडला आणि बंद केला.

"गेल्या महिन्यात दोनदा झालं घरात," वहिनी म्हणाल्या. "एकदा चहा पिताना. कप कलंडला, सगळा चहा मांडीवर. कढत हो! तरी हे तसेच बसून. चटका बसला ते पाच मिनिटांनी कळलं. दुसऱ्यांदा देवघरात. घंटी हातात धरून नुसते उभे. डॉक्टरकडं चला म्हटलं तर म्हणतात, लेहहून आल्यावर. आधी गेलो तर तो गाडी बंद करायला सांगेल."

मी औषधं विकणारा माणूस. अशी फिट येणाऱ्या माणसाला कोणत्या गोळ्या चालू करतात, त्या मागच्या कोणत्या रॅकमध्ये आहेत, हेसुद्धा मला माहीत होतं. गाडीला हात लावायचा नाही, हे त्या गोळ्या देताना पहिलं सांगायचं असतं.

"तुमच्यात ती पाकिटं असतात ना," वहिनी म्हणाल्या. "येत्या रविवारी आहेत ना? तुम्ही ह्यांचं नाव लिहा."

पाकिटांचं सांगायला हवं. त्याच्या काही वर्षं आधी आम्ही गोकर्णला गेलो होतो. आमच्यातला एक जण सकाळीसुद्धा प्यायचा. सगळ्यांना माहीत होतं. तोंडावर कोण सांगणार? तिसऱ्या दिवशी तो पुलाच्या भिंतीवर गेला. पायात सळई घालावी लागली. दवाखान्याच्या व्हरांड्यात नानांनी आम्हाला रांगेत उभं करून विचारलं, "कुणाकुणाला ठावं होतं?" एकेक करत सगळे हात वर झाले. नानांचा स्वतःचाही.

तेव्हापासून नियम झाला. मोठ्या राइडच्या आठ दिवस आधी सगळ्यांनी बशीरच्या गॅरेजमध्ये जमायचं. सुट्या गोळ्या घालून द्यायची छोटी कागदी पाकिटं माझ्या दुकानातून न्यायची, प्रत्येकाला एक. त्यांना आम्ही चिठ्ठ्याच म्हणायचो. ज्याच्यासोबत रस्त्यावर जायची आपल्याला भीती वाटते त्याचं नाव आतल्या बाजूला लिहायचं. तसं कुणी नसेल तर कोरं ठेवायचं, पण पेन सगळ्यांनी चालवायचं, म्हणजे कळत नाही. पाकिटं शेवटच्या गड्याने, म्हणजे मी, आत एकट्याने उघडायची. एक जरी नाव निघालं तरी तो माणूस येणार नाही. कुणी लिहिलं, का लिहिलं, विचारायचं नाही. नाव सांगून झालं की पाकिटं जाळायची. लेहच्या तीन वर्षं आधी एकाचं नाव निघालं होतं. त्याने तिथल्या तिथे आपल्याकडचे पाने आणि पंप काढून दिला आणि निघायच्या दिवशी नारळ घेऊन आला. एवढं सोपं होतं ते.

"तोंडानं बोलता येत न्हाय ते कागदावर येतंय," नाना नेहमी म्हणायचे. "त्यासाठीच हाय ह्ये."

वहिनी वाट बघत होत्या.

"बघतो, वहिनी," मी म्हणालो.

"बघू नका. लिहा. दुसऱ्या कुणाचं ते ऐकायचे नाहीत. नियमाचं ऐकतील."

"बघतो."

त्यांनी पिशवी उचलली. पायरीवर थांबून वळल्या, काही बोलणार होत्या, पण दुकानात एक बाई लेकरू घेऊन आली आणि त्या गेल्या.

तो आठवडा तयारीचा होता. संध्याकाळी सगळे बशीरकडे जमायचे. कुणाकडे पंप, कुणाकडे ट्यूब, कुणाकडे साखळीची कडी, सगळं नानांनी वाटून दिलं होतं. प्रत्येकाच्या गाडीला जुन्या क्लच केबलच्या बाजूलाच नवी केबल टेपने गुंडाळून ठेवायची होती, म्हणजे वाटेत तुटली तर नुसती टोकं बदलायची. ते काम नानांनी स्वतः केलं, सहाही गाड्यांचं. मी बॅटरी धरून शेजारी बसायचो आणि त्यांच्या हाताकडे बघत राहायचो. हात थांबतो का, बोटं अडकतात का. एकदाही नाही. दर दिवशी मला जरा हलकं वाटायचं. शुक्रवारपर्यंत तर मी स्वतःला सांगून टाकलं होतं की वहिनी जरा जास्तच घाबरट आहेत.

शनिवारी संध्याकाळी नाना दुकानात आले. औषधांची पेटी तपासायला, असं म्हणाले. पेटी तपासली नाही. स्टुलावर बसून राहिले.

"तुझी वहिनी आलती म्हणं."

"गोळ्या न्यायला."

"हं." ते रस्त्याकडे बघत होते. "डागदर, उद्या पाकिटं नीट वाच."

"म्हणजे काय? नेहमी वाचतो तशी."

"कुणाचंबी नाव आलं तरी तोंडाकडं बघायचं न्हाय. जे असंल ते वाचायचं. नियम म्हंजे नियम."

"नाना, कुणी काही लिहिणार नाही. तुम्ही काळजी करू नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी आणखी सांगायचं होतं, ते आज मला दिसतं. तेव्हा मला वाटलं, माणूस घाबरलाय, आपल्याला वगळतील म्हणून घाबरलाय, आणि उसनं अवसान आणून नियमाच्या गोष्टी करतोय. नऊ वर्षं जो माणूस नकाशा उशाशी घेऊन झोपला, त्याचं नाव मी लिहू? मी ठरवून टाकलं, आपलं पाकीट कोरं.

रविवारी सकाळी आठला गॅरेजमध्ये सहाही गाड्या धुऊन पुसून रांगेत लावलेल्या होत्या. बशीरच्या आईने शेवयांची खीर पाठवली होती. खाणं झालं, मी पाकिटं वाटली. जो तो आपापला कोपरा धरून बसला. शिंगटे बंधू एकमेकांकडे पाठ करून. उदय गाडीच्या सीटवर. नाना भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, पाकीट भिंतीवर धरून लिहीत. त्यांचं पेन सगळ्यांत जास्त वेळ चाललं. मला हसू आलं. बघा, नाटक कसं झकास करतात.

मी पाकिटं गोळा करून मागच्या खोलीत गेलो. मध्ये एक मळका पडदा होता. पत्र्याच्या डब्याशेजारी बसून एकेक उघडत गेलो. पहिलं कोरं. दुसरं कोरं. तिसरं माझंच. चौथं कोरं. पाचव्यावर निळ्या शाईत, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं:

मुरलीधर गणपत पिसाळ.

सहावंही उघडलं. कोरं.

मला आधी राग आला, तो त्या पूर्ण नावाचा. आमच्यात नानांना नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. बशीर नाना म्हणे, बशीरची आई नाना म्हणे. बापाच्या नावासकट हे नाव मी फक्त त्यांच्या लायसनवर वाचलं होतं. कुणीतरी हजेरीपटावरून काट मारावी तसं त्यांना खोडलं होतं. पडद्याच्या फटीतून मी बाहेर बघितलं. उदय शिंगट्यांना आपलं यंत्र दाखवत होता, दात काढून. लीड पाहिजे होती ना? झालं! त्याचंच काम.

आणि नाना एका उलट्या क्रेटवर बसून उरलेल्या केबलची गुंडाळी करत होते. खाली मान. मला त्या मानेची दया आली. आणखीही एक होतं, ते लपवत नाही. नाना नसतील तर उदयच्या मागे मी लेहला जाणार नव्हतो. शिंगटे गेले नसते. राइड मोडली असती आणि मी पुन्हा काउंटरच्या मागे. मला जायचं होतं. आयुष्यात एकदा मला कुठेतरी जायचं होतं.

मी सहाही पाकिटं डब्यात टाकली, काडी ओढली आणि बाहेर आलो.

"सगळ्या कोऱ्या."

शिंगट्यांनी शिट्टी मारली. बशीरने टाळी दिली. उदयसुद्धा "चला!" म्हणून ओरडला, आणि मी मनात म्हटलं, काय बेरकी आहे.

नाना ओरडले नाहीत. क्रेटवरून त्यांनी मान वर केली.

"नीट बघितलंस?"

"बघितलं की."

"सगळ्या?"

"सगळ्या, नाना."

ते माझ्याकडे बघत राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण बशीरने मागून काहीतरी विचारलं आणि ते त्यांना ऐकू गेलं नाही, एवढा वेळ. डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, आनंदाचं. कुणीही आपल्याला नको म्हटलं नाही, याचं. माझी छाती फुगली हो! हे मी माझ्या हाताने लिहितोय. मी त्या माणसाला त्याचं लेह दिलं, असं वाटून माझी छाती फुगली.

"बरं," नाना म्हणाले. "तुझी इच्छा." आणि पुन्हा केबल गुंडाळायला लागले.

आठ दिवसांनी आम्ही निघालो. तिसऱ्या दिवशी राजस्थानात, दुपारी बाराच्या सुमाराला, सरळसोट रस्त्यावर कडेला संगमरवराचे दगड भरलेला एक ट्रेलर उभा होता. नाना सगळ्यांच्या पुढे होते. मी सगळ्यांच्या मागे. मागून पोचणारा मी, औषधांची पेटी घेऊन पोचलो तेव्हा पेटी उघडायचं काही कारण उरलं नव्हतं. रस्त्यावर ब्रेकचा ओरखडासुद्धा नव्हता. कराडात टेपने नीट लावलेली केबल तशीच होती.

तिथल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही पाच जण बसलो होतो. बशीरने वर न बघता विचारलं, "कुणाला ठावं होतं?"

एकही हात वर झाला नाही. माझाही नाही.

सगळ्यांत जास्त उदय रडला. भिंतीवर डोकं आपटून घेत होता. "नाना पुढं हाईत म्हणून मी आलो रं. मला ह्यो रस्ता झेपत न्हवता. त्यांच्यामागं मी डोळं झाकून आलो असतो." खोटं रडणं मला ओळखू येतं, रोज दुकानात उधारी मागणारे बघतो. ते खोटं नव्हतं. मग नाव कुणी लिहिलं? कराडला येईपर्यंत, शववाहिनीत नानांच्या पायाशी बसून मी तेवढंच मनात घोळवत होतो. बशीर? शिंगट्यांपैकी एक? दोन दिवस मी जिवंत माणसांवर संशय घेत बसलो.

सव्वा महिन्याने वहिनी दुकानात आल्या. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मी स्टूल बाहेर सरकवलं. त्या बसल्या नाहीत.

"गोळ्या संपल्यात," म्हणाल्या.

मी स्ट्रिप काढली, कात्री घेतली.

"भावजी, एक विचारायचंय. दुसऱ्या कुणाला विचारता येणार नाही."

"विचारा."

"त्या शनिवारी रात्री हे माझ्याजवळ कबूल झाले होते. मी पायाच धरले होते त्यांचे. म्हणाले, इंदू, मलाच भीती वाटतीय आता. पण पोरांच्या तोंडावर येत न्हाय म्हणायची छाती होत न्हाय. उद्या पाकिटात मीच माझं नाव लिवतो. वाचणारा डागदर हाय. नाव निघंल, कुणी काय इचारणार न्हाय, माझी लाज राहील. सोमवारी साताऱ्याला मोठ्या डॉक्टरकडं जाऊ."

मी कात्री काउंटरवर ठेवली.

"मी रविवारी सकाळी ह्यांची बॅग सोडली," वहिनी म्हणाल्या. "कपडे कपाटात लावले. स्वेटर पेटीत टाकला. गव्हाची खीर केली, इतकी मला घाई झाली होती. हे आले ते गप्पच. म्हटलं, काय झालं? म्हणाले, सगळ्या कोऱ्या निघाल्या. म्हटलं, म्हणजे तुम्ही लिहिलंच नाही? तर खाली बघत बसले. लिहिलं म्हणाले नाहीत, नाही लिहिलं म्हणाले नाहीत. मी नाही नाही ते बोलले त्यांना. शेवटी एवढंच म्हणाले, पोरांना मी पाहिजे हाय, इंदू. आणि स्वतःच बॅग भरायला बसले."

स्वतःला नाना असं कोण लिहील? माणूस स्वतःचं नाव लिहितो तेव्हा बापाच्या नावासकट लिहितो. एवढी साधी गोष्ट. सात वर्षं मी त्यांच्या मागून गाडी चालवली आणि ती मला कळली नाही. भिंतीकडे तोंड करून उभा असलेला माणूस नाटक करत नव्हता, मदत मागत होता. त्याला येत होती त्या एकाच पद्धतीने, आणि माझ्या एकट्याकडे. मी ती चिठ्ठी जाळली आणि वर त्याच्या तोंडावर खोटं बोललो. त्यालाही ते कळलं होतं. सगळ्या, असं मी दुसऱ्यांदा म्हणालो त्या क्षणी कळलं होतं. तरी घरी जाऊन त्याने बायकोचे बोल ऐकून घेतले, आणि माझं नाव घेतलं नाही.

"तुम्ही स्वतः उघडली होती ना सगळी?" वहिनींनी विचारलं.

"हो."

"मग खरं सांगा. एकावरही त्यांचं नाव नव्हतं?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या मागे रस्त्यावरून शाळेची रिक्षा गेली. मला बोलायचं होतं. देवाशपथ, तोंड उघडलंसुद्धा होतं.

"नव्हतं, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, दोनदा, सावकाश. आता त्या रडतील असं मला वाटलं, पण नाही रडल्या. चेहऱ्यावरचं काहीतरी तेवढं मिटून गेलं.

"म्हणजे मला फसवून गेले," त्या म्हणाल्या. "बत्तीस वर्षांत कधी खोटं बोलले नव्हते माझ्याशी. जाताना बोलले."

मी गोळ्या कापल्या. दोन खाली पडल्या. पाकीट घेतलं. त्यावर नाव लिहायची माझी सवय आहे. इंदुमती मुरलीधर पिसाळ, सकाळी एक.

वहिनींनी पाकीट घेतलं, पिशवीत ठेवलं.

"तुम्ही तरी खरं सांगितलंत, भावजी," म्हणाल्या आणि पायरी उतरून गेल्या.

अजून येतात. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास. आता गुडघे दुखतात, पायरी चढताना मी हात देतो. त्यांच्या घरी भिंतीवर सासऱ्यांचा फोटो आहे, सासूबाईंचा आहे, नानांचा नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, करायचाय फ्रेम. दर महिन्याला मी ठरवतो, या वेळी सांगायचं. मग त्या काउंटरला टेकून विचारतात, कसं चाललंय भावजी, आणि मी पाकीट उघडून, आत फुंकर मारून, गोळ्या मोजायला लागतो.